लिंगम्माची मूठ

भालकीच्या पोरी डावी मूठ छातीशी धरून पळतात. त्यांच्या मास्तरांना विचारा, "यानं दम टिकतो," असं छातीठोक सांगतील. मास्तरांनी ते लिंगम्मा अक्काचं बघून उचललंय. लांब पल्ल्याला पळणारी तालुक्यातली ती पहिली बाई. करजगीच्या जत्रेपासून म्हैसूरच्या मैदानापर्यंत ती मूठ छातीशी धरूनच पळली.

दम कसला, भीती होती ती. लिंगायताचं घर, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. आईनं बजावलेलं, "लिंग अंगावेगळं झालं की आपण मेलो म्हणून समजायचं." दोरा तुटला तर, या धास्तीनं डबी कायम मुठीत. भीतीच्या भांडवलावर एवढी पदकं कमावलेली बाई मी दुसरी बघितली नाही.

यंदा एका पतसंस्थेनं म्हाताऱ्यांची दौड ठेवली. लिंगम्माच्या उजव्या हातात मानाचा झेंडा दिला. शेजारी कोंडाबाई, जन्मभर हिच्या मागं दुसरी आलेली.

"अक्का, आज तरी मूठ सोड की. काय चोरून आणलंस?"

"गप पळ. बडबडूनच दुसरी येतीस तू."

उसाच्या फडापाशी पाण्याच्या टेबलाशी मी होतो. उजव्या हातात झेंडा, म्हणून तिनं पेला डाव्या हातानं घेतला. थोडं पुढं जाऊन मूठ छातीशी नेली, तर हाताला नुसता सदरा.

झेंडा तिथंच पडला. ती उलटी फिरली. तोंड पांढरंफटक.

"कामून उलटं पळायलीस, अक्का?" लोक हसले.

समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. रस्त्यावर पडलेली कांडी चाकाखाली कडाकडा फुटत होती. प्रत्येक आवाजाला ती दचकायची, छाती चाचपायची.

ट्रॅक्टर थांबला. पुढं हात पसरून कोंडाबाई उभी. तिच्या पायाशी डबी.

"उचल लवकर! तुमच्यात आमचा हात चालतो का न्हाई, ठावं न्हाई. म्हणून उभी राहिले."

लिंगम्मा वाकली. डबी दोनदा बोटांतून निसटली.

"तूच उचल, कोंडे. बांध."

कोंडाबाईनं पदराला हात पुसले, डबी उचलली, तिच्या गळ्यात दोरा बांधून गाठीवर गाठ मारली. "आता बैल बांधला तरी तुटायचा न्हाई. पळ हात सोडून."

कोंडाबाई पहिली आली. लिंगम्मा दोन्ही हात झुलवत सगळ्यांच्या शेवटी.

मास्तर पोरींना म्हणाले, "बघितलं? मूठ सोडली की असं होतं."