दिवसा आलेली आई

शिवलीलानं आपल्या मुलीला वसतिगृहात ठेवलं, ते धुरामुळं.

बोम्मसंद्राच्या कारखान्यांमागं भाड्याच्या खोल्यांची एक लांब ओळ आहे. तिथल्या एका खोलीत ती आणि मथुरा राहायच्या. शिवलीला कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची. नवरा कृष्णात निपाणीजवळच्या गावी होता. बांधकामावरच्या परांचीवरून पडून त्याची कंबर मोडली होती, आणि त्याचं सगळं त्याची म्हातारी आई अंथरुणातच करत होती. म्हातारीला दोघं झेपणार नव्हती, म्हणून मथुरा आईबरोबर बेंगळुरूला आली.

शाळा दुपारी सुटायची, कारखाना संध्याकाळी. मधला वेळ मथुरा खोलीत असायची, आणि जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन शिवलीला दाराला बाहेरून कुलूप लावून जायची. ओळीच्या टोकाला दिवसभर पत्ते खेळत बसणारे पुरुष होते, त्यांच्या नजरा शिवलीलाला पसंत नव्हत्या.

एका दुपारी शेजारच्या खोलीत गॅसच्या नळीनं पेट घेतला. आग लगेच विझली, पण धूर सगळ्या ओळीत भरला. लोक बाहेर पळाले. कुलपामागं पोर आहे हे आठवायला वेळ लागला, मग कुणीतरी दगडानं कुलूप फोडलं. शिवलीला धावत आली तेव्हा मथुरा पायरीवर बसली होती. तोंड काळं झालेलं, डोळे लाल. रडत नव्हती.

"आई, मी दार लई वाजवलं," ती म्हणाली. "तू नव्हतीस."

त्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या कस्तुराबाईंनी विषय काढला. त्या बेळगावकडच्या, इथं जुन्या, सगळ्या ओळीच्या अक्का. "कुलपात किती दिवस ठेवशील गं लेकराला? येलहंकाला एक वसतिगृह आहे. गरिबाची हुशार पोरं घेतात. इंग्लिश शाळा, तीन वेळ जेवण. मी शेषगिरी सरांना निरोप देते."

शेषगिरी सर स्वतः आले. पांढरा शर्ट, मऊ आवाज. चटईवर मांडी घालून बसले आणि सगळं नीट विचारून घेतलं. गाव कुठलं, कृष्णात कसा पडला, धूर कसा झाला. धुराचं ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. शिवलीलाला वाटलं, या शहरात पहिल्यांदा कुणीतरी आपलं ऐकून घेतलं.

निघताना त्यांनी तिला दाराशी उभं करून मोबाइलवर तिचा फोटो काढला. "मुलीला आठवण आली की दाखवू. हसू नका, अम्मा. साधाच चेहरा ठेवा."

नियम एकच होता. सुरुवातीचे काही महिने भेटायला यायचं नाही, कारण आई येऊन गेली की मुलं आजारी पडतात. फोनवर बोलता येईल. पहिल्यांदा बोलता आलंही. मथुरा रडली, मग भात-सांबाराबद्दल बोलली. त्यानंतर मात्र कधी ती खेळायला गेलेली असायची, कधी झोपलेली, कधी परीक्षा. शेवटी तिकडून कुणी फोनच उचलेना.

शिवलीलानं फेब्रुवारी उजाडेपर्यंत दम काढला. मग एका रविवारी कुणालाच न विचारता ती बसमध्ये बसली, मॅजेस्टिकला बस बदलली आणि येलहंकाला उतरली. हवाई दलाचा सराव चालू होता. डोक्यावरून विमानं इतकी खालून जात होती की रस्त्यावरची माणसं थांबून वर बघत होती.

वसतिगृहाचं फाटक उघडं होतं. आत गाड्या लागल्या होत्या, फुगे बांधले होते. कुठल्याशा कंपनीची माणसं मुलांसाठी केक आणि वह्या घेऊन आली होती. वॉचमननं शिवलीलाच्या साडीकडं बघितलं, तिला जेवण वाढायला आलेली बाई समजला आणि हातानंच मागं जा म्हणाला. ती मागं न जाता हॉलच्या दारात उभी राहिली.

मुलं ओळीत बसली होती. एक विमान छतावरून गेलं, पाहुण्यांनी दचकून कान झाकले. मुलांपैकी एकानंही मान वर केली नाही.

शेषगिरी सरांनी नाव पुकारलं आणि मथुरा पुढं आली. केस बारीक कापलेले, अंगात निळा फ्रॉक. दोन्ही हात पाठीमागं घेऊन तिनं कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली. आवाज सपाट होता.

"माझं नाव मथुरा. आमच्या खोलीत धूर झाला. आई आत होती. बाहेरून कुलूप होतं. आईनं दार खूप वाजवलं. मी शाळेत होते. मी आले तेव्हा आई मेली होती."

पाहुण्यांतल्या एका बाईनं चष्मा काढून डोळे पुसले.

आपण नक्की काय ऐकलं हेच शिवलीलाला कळेना. मथुरानं हात जोडले, वळली, आणि भिंतीपाशी जाऊन पुन्हा हात जोडले. तेव्हा शिवलीलानं भिंत बघितली. तिथं फोटोंच्या चौकटींची रांग होती. बायका, काही पुरुष, एक म्हातारी. प्रत्येकीला चंदनाच्या सालींचा हार, खाली उदबत्ती. मथुरासमोरच्या चौकटीत शिवलीला होती. तीच साडी, तोच साधा चेहरा, मागं बोम्मसंद्राच्या खोलीचं दार. कपाळावर काचेवरून ओलं कुंकू लावलेलं.

तिनं नकळत आपल्या कपाळाला हात लावला.

केक कापायची गडबड सुरू झाली तशी मुलं मागच्या अंगणात हात धुवायला गेली. शिवलीलाही हॉलला वळसा घालून तिथं पोचली. मथुरा नळाशी उभी होती. तिनं आईला बघितलं. धावत आली नाही, ओरडली नाही. आधी तिनं आईच्या पायांकडं बघितलं, बोटं पुढं आहेत का मागं ते. मग हळूच म्हणाली, "आई, तू दिवसा पण यायलीस?"

"मथी..."

"रात्री येतीस ते बरं हाय. दिवसा कुणी बघितलं तर? सर रागावतील."

"बाळा, मी हाय गं. मला काय झालं नाही."

मथुरानं समजूतदारपणे मान हलवली. आजारी माणसाच्या बोलण्याला हलवतात तशी. "तुला माहीत नाही," ती म्हणाली. "सर म्हणाले, धुरात गेलेल्या माणसाला कधी कधी कळत नाही."

एवढ्यात बाकीची मुलं गोळा झाली होती. कुणीच घाबरलं नव्हतं. सगळ्यांनी तिला चौकटीत रोज बघितलं होतं, त्यामुळं ओळख होतीच.

"ही मथुराची आई. तीन नंबरची," एक मुलगा दुसऱ्याला सांगत होता.

एका लहान मुलीनं तिच्या साडीचा काठ धरला. तिचं नाव सौम्या. "अम्मा, तिकडं माझी आई दिसली का?" तिनं विचारलं. "तिच्या भुवईवर मोठा तीळ आहे. ती कांद्याच्या पोत्यांपाशी असायची, यशवंतपूरला. आता तिकडं असेल."

"माझे पण," मागून कुणीतरी म्हणालं. "माझे बाबा उंच आहेत. त्यांना सांगाल, मी दुसरीत गेलो?"

मग सगळीच बोलायला लागली. गलका नव्हता. एकेक जण पुढं येऊन निरोप देत होतं आणि बाजूला सरत होतं, जसं काही ही बाई संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होती आणि वाटेत तिला सगळ्यांची माणसं भेटणार होती. शिवलीला एकेकाचं ऐकत राहिली. एक क्षण असा आला की तिला स्वतःचीच खात्री वाटेना. त्या दिवशी कुलूप खरंच कुणी फोडलं होतं का? आत कोण होतं?

तिनं मथुराचा ओला हात ओढून आपल्या गळ्यावर दाबून धरला. तिथली शीर धडधड उडत होती.

"लागतंय?"

मथुराचा चेहरा बदलला. तिनं दुसरा हातही गळ्यावर ठेवला. "गरम हायस," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज थरथरला.

"अम्मा, चहा घ्या." शेषगिरी सर मागं उभे होते. चेहऱ्यावर राग नव्हता. मुलांना त्यांनी मानेनंच आत पाठवलं. मथुरा तेवढी आईला धरून राहिली.

"मी मेले म्हणून सांगितलंत?" शिवलीला म्हणाली. "माझ्या लेकराला?"

"जिवंत आईबापांच्या मुलांसाठी कोण येतं, अम्मा? केक, वह्या, शाळा, डॉक्टर. लोकांचा हात अनाथांसाठीच सुटतो. तुम्ही तिकडं राबता, तरी तिला एवढं देऊ शकलात का? तुम्ही नाही, म्हणून ती पोटभर जेवते."

"मग तिला नुसतं खोटं बोलायला सांगायचं! ती मनापासून खरं समजायलीय."

"मुलांना खोटं बोलायला शिकवलं तर ती बिघडतात," शेषगिरी सर म्हणाले. त्यांना हे खरोखरच पटलेलं दिसत होतं. "म्हणून आम्ही त्यांना खोटं बोलायला लावत नाही. रोज तेच सांगितलं की जे बोलतात ते त्यांना खरंच वाटतं. आणि रडणं किती दिवस चालतं? काही आठवडे. मग मूल शांत होतं. वाट बघणारं मूल कधी शांत होत नाही, अम्मा. मी पुष्कळ बघितलीत."

शिवलीलानं मथुराला कडेवर उचललं, एवढी मोठी मुलगी, आणि तशीच हॉलमध्ये शिरली. पाहुणे केक खात होते. ती भिंतीपाशी गेली, तीन नंबरची चौकट खिळ्यावरून काढली आणि आपल्या चेहऱ्याशेजारी धरली.

"ही मी," ती मराठीतच ओरडली. कन्नड तिला त्या वेळी सुचलंच नाही. "मी जित्ती हाय! ही माझी पोरगी हाय!"

मग मघाची चष्मेवाली बाई प्लेट खाली ठेवून पुढं आली. तिचं नाव श्वेता, पुण्याहून नोकरीसाठी आलेली. तिनं चौकटीकडं बघितलं, शिवलीलाकडं बघितलं. "ओ माय गॉड," ती पुटपुटली. "म्हणजे ही सगळी... या सगळ्याच..." आणि तिची नजर भिंतीवरून सरकत गेली.

तीच दोघींना फाटकाबाहेर घेऊन गेली. पाहुण्यांसमोर शेषगिरी सर अडवू शकले नाहीत. गाडीत बसल्या बसल्या श्वेतानं मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला.

पुढं चौकशी झाली. वसतिगृहाला टाळं लागलं आणि मुलं सरकारी बालगृहात गेली. बहुतेकांचं कुणी ना कुणी हयात निघालं. शिवलीलानं कस्तुराबाईंना जाब विचारला, तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. दुपारी त्या मथुराला आपल्याकडं ठेवून घ्यायला लागल्या. मथुरा मात्र बरेच दिवस आईला जेवताना निरखून बघायची. घास खरंच आत जातो का, ते. कधी मध्येच येऊन हात आईच्या नाकाखाली धरायची. शिवलीला हातातलं काम थांबवून जोरात श्वास सोडून दाखवायची.

पण सौम्याचा निरोप तिच्या मनातून जाईना. बालगृहातल्या मॅडम म्हणाल्या, तिच्या घरचं अजून कुणी आलेलं नाही. मग सुट्टीच्या दिवशी शिवलीला यशवंतपूरच्या बाजारात गेली आणि कांद्याच्या पोत्यांमधून भुवईवर तीळ असलेली बाई शोधत फिरली. सापडायला वेळ लागला नाही. धनलक्ष्मी तिचं नाव. खराब कांदे वेगळे काढत बसली होती.

शिवलीलानं सगळं सांगितलं. धनलक्ष्मीचे हात चालूच राहिले.

"मला माहीत आहे," ती शेवटी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"फोटोला हार घालणार ते. सरांनी मला आधीच सांगितलं होतं. मी बरं म्हणाले." तिनं एक कांदा दाबून बघितला आणि बाजूला टाकला. "मी इथंच झोपते, अक्का, या पोत्यांच्या आडोशाला. बाकीच्या पण झोपतात. रात्री इथं काय काय फिरतं तुम्हाला ठाऊक नाही. तिथं पोर घेऊन कशी राहू? मी मेले असं समजली तर निदान माझी वाट बघणार नाही, असं वाटलं."

"ती विचारायलीय तुमचं."

धनलक्ष्मीचे हात थांबले. "रडली होती?"

"रडली असणार. मी नव्हते तिथं."

"मग झालं ते रडून. आता मी समोर गेले, आणि घेऊन येता नाही आलं, तर पुन्हा रडेल. एका आईसाठी किती वेळा रडवायचं तिला?"

शिवलीला चिडली. तुम्ही माणूस आहात का, असंही बोलून गेली. धनलक्ष्मीनं ते ऐकून घेतलं. शिवलीला जायला वळली तेव्हा तिनं फक्त विचारलं, "आता ती कुठल्या शाळेत जाते?"

शिवलीलानं शाळेचं नाव सांगितलं आणि ती निघून आली.

त्यानंतर उन्हाळा लागता लागता ती मथुराला घेऊन सौम्याला भेटायला गेली. शाळा सुटायची वेळ होती. बालगृहाची मुलं एका बाईंमागं रांगेत फाटकाबाहेर येत होती. रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपवर, गर्दीच्या मागं, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई उभी होती. बस येत होत्या, जात होत्या. ती चढत नव्हती.

सौम्या रांगेत चालता चालता थबकली. तिनं पलीकडं बघितलं, बराच वेळ. मग पुढच्या मुलीचा हात धरला आणि चालायला लागली. मथुराजवळ आल्यावर तिच्या कानात म्हणाली, "माझी पण दिवसा येते. कुणाला सांगू नको."

शिवलीलानं मथुराला रांगेच्या बाईंपाशी उभं केलं आणि रस्ता ओलांडून धनलक्ष्मीशेजारी जाऊन उभी राहिली. धनलक्ष्मीचा चेहरा घामानं भिजला होता.

"रोज येते," ती समोर बघतच म्हणाली. "रोज ठरवते, आज पलीकडं जायचं. पाय उचलत नाही."

"चला," शिवलीला म्हणाली आणि तिचं मनगट धरलं. मनगट बर्फासारखं गार होतं. वाहनं थांबेपर्यंत दोघी कडेला उभ्या राहिल्या. पलीकडं रांग थांबली होती, आणि सौम्या एकटक आपल्या आईच्या पायांकडं बघत होती.