भावासमोर वाचलेल्या चार ओळी

आमच्या टोंगा बेटांवर बहीण खोलीत शिरली की भाऊ उठून बाहेर जातो. तिच्या शरीराच्या, नवऱ्याच्या, संसारातल्या गोष्टी त्याच्या कानावर जाऊ द्यायच्या नाहीत. बहिणीचा मान मोठा, म्हणून हा सगळा आब. त्यामुळे त्या शनिवारी सकाळी माझा धाकटा भाऊ सेमिसी बायकांच्या शेडमध्ये येऊन समोर मांडी घालून बसला, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

शेडमध्ये आम्ही अकराजणी झाडाची साल कुटून केलेल्या कापडाचे पट्टे एकमेकांना चिकटवत होतो. हात कामात, कान मोकळे, म्हणून म्हाताऱ्या आलिसीमावशीने मला माझी वही वाचायला बसवलं होतं. अठ्ठावीस कविता, सगळ्या चार-चार ओळींच्या. शाळेच्या मशीनवर छापून घेतल्या आणि दोऱ्याने मीच शिवल्या. लांब कविता लिहायला मला वेळ कुणी दिला होता?

सुरुवातीच्या कवितांना बायका खिदळत होत्या. एक तर त्यांनी दोनदा वाचायला लावली:

पोरगं ऑकलंडहून फोन करतं,
विचारतं, आई, काय हवंय?
मी म्हणते, काही नको रे.
आख्ख्या टोंगातली सगळ्यात मोठी थाप.

दहा झाल्या आणि सेमिसी आला. एकटा नाही, मोसेसेला घेऊन. मोसेसे म्हणजे माझा नवरा. त्याचं घर मी गेल्या वर्षी सोडलं. खरं तर त्यानेच सेमिसीला आणलं होतं, हे कुणी सांगायची गरज नव्हती. वहीत काय आहे त्याची कुणकुण त्याला लागली होती, आणि भाऊ समोर असला की बहीण नवऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाही हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. शहाणा कुठला! चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा माणूस. माझी बायको लोसालिने ओल्या ओंडक्यावरून घसरली आणि तिचं कोपर मोडलं, असं त्याने गावभर सांगितलं होतं. दवाखान्यात मीही तेच सांगितलं. अकरा वर्षं तेच खरं म्हणून चाललं होतं. आज गप्प बसले असते तर मी मेल्यावरही तेच चाललं असतं.

बायकांचे हात थांबले. आलिसीमावशी माझ्या कानाशी लागली, आज राहू दे म्हणाली, सोमवारी वाच. सोमवारी हे दोघे पुन्हा येऊन बसले असते. आणि त्याच्यापुढच्या सोमवारीही.

मी सेमिसीकडे सरळ पाहिलं. न्हातीधुती झाल्यापासून मी त्याच्याशी असं तोंडावर बोलले नव्हते.

"आजवर मी आले की तू उठायचास," मी म्हटलं. "आज मी बसलेय तिथे तू आलास. मी उठणार नाही. जायचं तर तू जा, बसायचं तर ऐक."

तो जागचा हलला नाही. मी पान उलटलं. पुढची वाचली:

नवऱ्याने हात मोडला, भावाच्या दारात गेले.
वहिनीने पाणी दिलं, दोन सुरण दिले.
आतून भाऊ खोकला.
रिवाज पाळत होता बिचारा.

कुणी हसलं नाही. मोसेसेच तेवढा हसला, बायकांची बडबड कसली ऐकतोस म्हणत उठला आणि सेमिसीच्या दंडाला धरून ओढू लागला. सेमिसीने हात सोडवून घेतला. मोसेसे थोडा वेळ तसाच उभा राहिला. आम्ही अकराजणी त्याच्याकडे बघत होतो. कुणीही नजर खाली घातली नाही, तेव्हा तो निघून गेला.

"ताई," सेमिसी म्हणाला, "मला वाटलं होतं तू पडलीस."

"तुला तसं वाटलं नव्हतं. मी वहिनीला सांगत होते तेव्हा आतून खोकला होतास तू."

त्याचे कान लाल झाले. इतका मोठा बाप्या, पण रडकुंडीला आला होता. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला. अकरा वर्षं माझी दया कुणाला आली होती?

मग त्याने विचारलं, अजून किती आहेत.

"सतरा."

"वाच," तो म्हणाला. "मी उठत नाही."

मी सतराच्या सतरा वाचल्या. त्यातल्या पाच सेमिसीवरच होत्या. एकही गाळली नाही.