डेल्फीनच्या मागोमाग

"गाडी कुठली तुमची? झेंडी लावायचीय."

चर्चच्या दारात काळ्या कोटातला अंत्यविधीवाला मला विचारत होता. हातात जांभळ्या झेंड्यांचा गठ्ठा. आमच्या टोलीडो गावात मयताला माणसे जात नाहीत, गाड्या जातात. भर दिवसा दिवे लावून, एकीमागे एक. आणि मी जन्मात गाडी घेतली नाही.

डेल्फीनकडेही नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी उभी हयात काढली, आणि सकाळ-संध्याकाळची बसही एकच. ती गेली तेव्हा माझ्याशी बोलणारे या गावात कुणी उरले नाही, हे खरे. आज मात्र बाईसाहेब लांबलचक काळ्या गाडीत आडव्या झाल्या होत्या. थाट बघा!

तेवढ्यात तिची लेक शॅरिस आली. रडून डोळे सुजलेले, आणि गाडीत सासरची माणसे कोंबलेली.

"मिस व्हर्ना, तुम्ही कुणाबरोबर येताय ना?"

"हो गं. माझी सोय आहे. तू हो पुढं."

लाज वाटली, दुसरे काय! आईला पुरायला निघालेल्या पोरीला म्हणू कशी, की मला कुठेतरी कोंब म्हणून? पण डेल्फीनवर मूठभर माती टाकल्याशिवाय मला घरी जायचे नव्हते. मी कोपऱ्यावर जाऊन बस पकडली.

पुढच्याच चौकात बस थांबली. समोरून डेल्फीनची अंत्ययात्रा वळत होती. ड्रायव्हरने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"घ्या! आता बसा इथंच," मागचा एक जण कुरकुरला. "मेलेल्याला कसली आलीय घाई?"

"तोंड सांभाळ," मी म्हणाले. "माझी मैत्रीण आहे ती."

ड्रायव्हरने आरशातून पाहिले. "मग मॅडम, तुम्ही इथं काय करताय?"

"तिच्या मागनं चाललेय."

"अहो, ही बस मॉलपर्यंतच जाते. दफनभूमी लांब आहे तिथनं."

"ठाऊक आहे. पाय आहेत मला."

मॉलच्या पुढे पायवाट नावालाही नव्हती. वितळत्या बर्फाच्या चिखलातून, रस्त्याकडेच्या गवतावरून मी चालत राहिले. एका भल्या माणसाने गाडी थांबवून काच खाली केली.

"गाडी बंद पडली का, मॅडम?"

"बंद पडायला आधी असावी लागते!"

तो ओशाळून निघून गेला. माझी ही जीभ! पुढचा चढ पाहिल्यावर तिला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

चढ संपता संपता समोरून गाड्या येऊ लागल्या. जांभळ्या झेंड्या होत्या, दिवे मालवलेले होते. संपले होते सगळे. शॅरिसची गाडी दिसली तशी मी तोंड फिरवून कुंपणाकडे पाहत उभी राहिले. माझी सोय तिला दिसायला नको होती.

मी पोचले तेव्हा खड्ड्यावर उभारलेला तंबू उतरवून झाला होता. मातीच्या ढिगाजवळ एक माणूस माती लोटायच्या यंत्रावर चढत होता.

"घरातलं माणूस का?" त्याने विचारले. "सगळे गेले हो."

"वाटेत भेटले."

त्याने माझ्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिले आणि खाली उतरला. वर चिखल असला तरी ढिगातली माती अजून गोठून दगड झालेली होती. फावड्याने फोडून त्याने माझ्या हातावर ठेवली.

"आले गं बाई," खाली वाकून ती माती खड्ड्यात सोडत मी म्हणाले. "उशीर झाला." आणि मग मला रडू आवरेना. तो पाठ करून उभा राहिला.

डोळे पुसल्यावर विचारले, "मला मॉलपर्यंत सोडाल का?" एवढे चार शब्द सकाळी शॅरिससमोर फुटले नव्हते.

"सोडतो की. पण हे भरून घ्यावं लागेल आधी. थांबाल?"

"थांबते."

गाडीवाले एव्हाना शॅरिसकडे जेवायला बसले असतील. डेल्फीनवर शेवटची माती पडून ती फावड्याने सारखी होईपर्यंत मी तिथे उभी होते.