झाडातली टकटक

उन्हाळा म्हणजे माझ्या शिलाई मशीनचा हंगाम. शाळा उघडायच्या आत गणवेश हवेत म्हणून सगळ्या आया हात धुऊन मागे लागतात. घामाने कापड हाताला चिकटतं, आणि मी येईल त्याच्यावर खेकसते. अशा दिवसांत कुणाला आनंद सुचतो याचाच मला राग यायचा. पण वहिनीला तो सुचला, आणि मी गप्प बसले.

हिवाळ्यात माझा दादा गेला. कामावर गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मग ऊन तापलं आणि एके दुपारी तिने चटया उचलल्या, समोरच्या प्रार्थनाघराच्या अंगणातल्या जुन्या झाडाखाली अंथरल्या. माप द्यायला आलेली पोरं तिने हाक मारून बसवली आणि गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी दुप्पट पोरं आली. सरबताचा माठ आला. वहिनी हसायला लागली, पोटभर जेवायला लागली. खिडकीतून ते बघताना माझी सुई कितीदा बोटात गेली, पण जीव सुखावला.

गोष्ट संपली की डोळे मिटून गप्प बसायचं, हा तिचा नियम. "देव मोठ्याने बोलत नाही रे, ऐकायला शिका," ती म्हणायची. आणि त्या शांततेत एकदा झाडातून आवाज आला. टक. टक.

पोरांना तर पर्वणीच. झाडात म्हातारा राहतो, त्याला गोष्ट आवडली, त्याला सरबत हवंय. वहिनी मात्र हसली नव्हती. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "हे असंच ठोठावायचे गं. किल्ली खिशात असली तरी. दोनदाच."

दादाचं ठोठावणं मलाही पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी मी झाडाजवळ गेले. सगळ्यात जाड फांदी जिथे खोडातून फुटते तिथे एक चीर होती, दोऱ्याएवढी. मी प्रार्थनाघराच्या रखवालदाराला दाखवली. त्याने वर बघितलं. "वारा असला तर झाड पडेल ना, ताई? पान तरी हलतंय का?" खरंच, एकही पान हलत नव्हतं. पक्षीही दिसत नव्हते, हे मला घरी आल्यावर सुचलं.

वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "तुझं काय, नव्या कापडातसुद्धा तुला आधी भोक दिसतं." आणि मग तिचा चेहरा उतरला. "एवढं एक राहू दे मला," ती म्हणाली. मी परत मशीनवर जाऊन बसले.

टकटक रोज वाढत गेली. आता गोष्टीच्या मध्येच यायची. वहिनी थांबायची, मान तिरकी करून ऐकायची आणि नव्या नवरीसारखी लाजायची. मला ते बघवत नव्हतं.

त्या दुपारी मी कापडावर खुणा करायचा खडू हातात घेऊनच गेले. पोरं डोळे मिटून बसली होती. चिरेत खडू लावला, तो अख्खा आत गेला.

"उठा! पळा सगळे!" माझ्या तोंडाचा पट्टा पोरांच्या ओळखीचा. ती चपला टाकून पळाली. वहिनी हलली नाही. मी दंड धरून ओढलं, तर तिने हात झटकला. "हे आलेत. जा तू."

वरून पुन्हा आवाज आला, या वेळी कोरडा, लांबलचक. आणि मला काय सुचलं देव जाणे. मी तिच्या कानाशी म्हटलं, "अगं, दादा दारात उभाय. दार कोण उघडणार?"

वहिनी तशीच उठली. पदर सावरत, घाईघाईने, आमच्या दाराकडे चालू लागली. ती उंबऱ्याशी पोचली आणि मागे अंगण हादरलं. माठ, चटया, सगळं फांदीखाली गेलं. पोरं कुंपणाशी रडत होती, पण धडधाकट होती. माझ्या जिवात जीव आला.

वहिनीने वळून बघितलं. ती घाबरली नव्हती. तिचा चेहरा उजळला होता. "बघितलंस? ह्यांनीच उठवलं मला. आता ठोठावलं की मी जाणार."

उरलेलं झाड तोडायला उद्या माणसं येणार आहेत. रखवालदाराने अंगणाला दोरी बांधलीय. पण दोरीने वहिनी अडत नाही. आज दुपारी मी मशीन थांबवली तर झाडातून टकटक ऐकू आली, आणि वहिनी केस विंचरून दाराकडे निघालेली दिसली. विनवण्या केल्या, रागावले, पाया पडले. शेवटी मी बाहेर आले आणि दाराला बाहेरून कडी लावली.

आता मी पायरीवर बसलेय. समोर अर्धं झाड उभं आहे, पान हलत नाही. माझ्या पाठीशी बंद दारावर आतून आवाज येतोय. टक. टक. दोनदाच. अगदी दादासारखा.

"उघड ना गं," वहिनी म्हणतेय, शांतपणे. "किती वेळ उभं ठेवायचं त्यांना?"

मागे नेऊन कडीवर ठेवलेला हात मी काढलेला नाही.