चिमट्याखालचं पाणी

कागदावरचा प्रकाशाचा ठिपका आज भूत संचारल्यासारखा नाचत होता. मार्तंडराव ठवकरांनी आधी चष्मा पुसला, मग दिवा तपासला, मग आरसा. सगळं जागच्या जागी होतं आणि ठिपका मात्र कागदाबाहेर उड्या मारत होता.

कॉलेजच्या हायड्रॉलिक्स प्रयोगशाळेच्या टोकाला काळे पडदे लावलेली ही लहानशी खोली. बाहेर लांबच लांब काचेचा पाट, त्यात पंपाने खेळवलेलं पाणी. पाण्यात एक बारीक पितळी नळी सोडलेली. तिच्यापासून रबराची नळी पाटाखालून या खोलीत यायची आणि एका पातळ पितळी पडद्यापाशी संपायची. पाण्यात जराशी खळबळ झाली की पडदा थरथरायचा, त्यावर चिकटवलेला टिकलीएवढा आरसा हलायचा आणि त्याचा कवडसा समोरच्या कागदावर वरखाली व्हायचा. त्याचा फोटो घ्यायचा, रेघा मोजायच्या, पाण्याच्या आत किती खळबळ आहे ते काढायचं. परदेशी यंत्र मागवायची परवानगी दिल्लीहून आली नाही, तेव्हा मार्तंडरावांनी हे स्वतःच्या डोक्याने उभं केलं होतं, आणि त्याचा त्यांना बायकोलाही कंटाळा येईल इतका अभिमान होता.

परवा त्यांची पीएच. डी. ची तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक प्रयोग बघायला येणार. म्हणून एकदा सगळं नीट चालतंय ना ते पाहावं, तर प्रयोगशाळेचा अटेंडंट लहानू पंपासाठी जादा पट्टा आणायला इतवारीच्या बाजारात गेलेला. मार्तंडरावांनी कधी नव्हे तो स्वतःच पंप सुरू केला होता.

तेवढ्यात लहानू आला. डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा सोडत, घाम पुसत म्हणाला, "सायेब, तुमी काहून पंप लावला? मी येतच होतो ना."

"लहानू, नळीत हवा शिरली वाटते. पाह्य, ठिपका कसा करून राह्यला."

लहानूने खोलीत डोकावूनही पाहिलं नाही. तो पाटाखाली वाकला, शेवाळ धरू नये म्हणून लावलेलं गोणपाट त्याने वर केलं आणि आत हात घातला. ठिपका एकदम शहाण्यासारखा झाला. अगदी नेहमीसारखा, किंचित थरथरत उभा राहिला.

"झालं सायेब. शांत केलं."

"काय केलं?"

"चिमटा लावला ना."

"कोणता चिमटा?"

"नेहमीचाच." लहानू हसला. "पंप लावला का पयले चिमटा लावतो, मंग तुमाले आवाज देतो. एक दिवस नाई चुकलो सायेब."

मार्तंडराव खोलीबाहेर आले आणि पाटाखाली वाकले. रबराच्या नळीला स्क्रूचा चिमटा लावलेला होता. नळी पार बंद नव्हती, पण बरीच दाबलेली होती. ज्या जागी तो बसायचा तिथे रबराला कायमचा वळ पडला होता. ते तसेच फरशीवर बसून राहिले.

चिमटा लहानूच्या मनचा नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी मार्तंडराव नवे डेमॉन्स्ट्रेटर असताना मुलांच्या प्रॅक्टिकलला काचेच्या नळीतला पारा हलत राहायचा, दोन पोरांचे दोन आकडे यायचे आणि परीक्षक वैतागायचे. तेव्हा मार्तंडरावांनीच नव्या आलेल्या लहानूला शिकवलं होतं, "हलता आकडा वाचता येत नाई. पोरं यायच्या आधी नळीले चिमटा लाव. पाणी शांत करून ठेवत जा." प्रॅक्टिकलला तेच बरोबर होतं, सगळीकडे तसंच करतात. पण पुढे संशोधन सुरू झालं, तेव्हा नेमकं ते हलणंच मोजायचं होतं, हे लहानूला कोण सांगणार? मार्तंडराव येऊन अंधाऱ्या खोलीत बसायचे आणि आतून विचारायचे, पाणी लागलं का? लहानू बाहेरून म्हणायचा, लागलं सायेब. एवढंच बोलणं.

आणि प्रबंधात मार्तंडरावांनी काय लिहिलं होतं? मुंबईच्या एका तरुण संशोधकाने संगणकावर गणित मांडून पाटाच्या तळाशी खूप खळबळ असते असं काढलं होतं. मार्तंडरावांनी एक सबंध प्रकरण खर्ची घालून त्याला खोडून काढलं होतं. आकडेमोड काहीही म्हणो, खऱ्या पाण्यात एवढी खळबळ नाही, असं ठणकावून लिहिलं होतं. ते फरशीवरून उठले आणि कपडेही न झटकता निघाले.

त्यांचे मार्गदर्शक डॉ. रोकडे वाळ्याच्या पडद्यामागे, कूलरच्या गार वाऱ्यात बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी उठून दार लावलं.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला आणि लहानूला. लहानूला माहीत आहे, पण कळलेलं नाही."

"मग कोणालाच माहीत नाही." रोकडे पुण्याचे, शब्द मोजून बोलणारे. "परीक्षक येतील, ठिपका बघतील, चहा पितील, सही करतील. तुमचं वय काय ठवकर? रीडरच्या जागेवर यंदा तुमचं नाव नाही लागलं तर पुन्हा लागणार नाही. आणि जूनमध्ये हा पाट निघतोय. तिथे पंच कार्डांची संगणकयंत्रं येणार. प्रयोग पुन्हा कुठे करणार तुम्ही, अंबाझरीच्या तलावात?"

"पण सर, निष्कर्ष उलटा आहे."

"मग डिग्री मिळाल्यावर दुरुस्तीचा लेख लिहा." खुर्चीत परत बसत ते म्हणाले, "आणि सांगायचंच असेल, तर ती अटेंडंटची चूक आहे. तो अजून रोजंदारीवरच आहे ना? त्याला मेमो द्या, कागद करा. म्हणजे तुम्ही फसवलं असं होणार नाही, तुमची फसवणूक झाली असं होईल. मुदत मागून घेता येईल."

मार्तंडराव उठून बाहेर आले. त्यांना लाज वाटली, कारण क्षणभर तो मेमो त्यांनी मनात लिहूनही पाहिला होता आणि मजकूर चांगला जमला होता.

संध्याकाळी सक्करदऱ्याच्या घरी सत्यवतीबाई अंगणात पाणी शिंपत होत्या. त्या नगरपालिकेच्या शाळेत शिकवत. नवऱ्याचा चेहरा पाहूनच त्यांनी बादली खाली ठेवली. मार्तंडरावांनी सांगितलं, सगळं, चिमट्यासकट.

"सांगू नका," सत्यवतीबाई म्हणाल्या.

"अवं, पण..."

"पण नाई अन बिन नाई. मले उमरेडले हेडमास्तरीण करून राह्यले होते. मी गेली नाई. काहून? तुमचा पाट नागपुरात. घरात पाहुणे आले का तुमी पाटावर. पोरगी तापानं फणफणून राह्यली होती, तुमी पाटावर. मी कधी बोलली?"

"नाई बोलली."

"आता बोलून राह्यली. सांगू नका. जगात कोणाचं काय अडलं हाय बाप्पा, पाणी आतून किती हलते त्याच्यावाचून?"

मार्तंडरावांनी बादली उचलून उरलेलं अंगण शिंपलं. खरंच कोणाचं अडलं होतं? त्यांचंच अडलं होतं, आणि तेही कुणी न सांगता. त्या रात्री ते दोघं जेवले, पण एकमेकांना वाढलं नाही, ज्याने त्याने आपापलं घेतलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षक डॉ. माथुर सकाळच्या गाडीने आले. उंच, वाळके, कानांनी किंचित बहिरे. उन्हाचा त्यांना भारी त्रास होत होता. रोकडे त्यांच्यापुढे सरबताचा ग्लास धरून चालत होते. पाटापाशी सगळे थांबले. लहानू इस्त्रीचा सदरा घालून पंपाजवळ उभा होता. सायबांच्या परीक्षेत आपलं पाणी चुकायला नको म्हणून तो उजाडताच आला होता.

"लहानू, पंप लाव," मार्तंडराव म्हणाले. "आज चिमटा नको."

लहानूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "नको?"

"नको."

रोकड्यांनी मार्तंडरावांकडे पाहिलं. ते पाहणं मार्तंडरावांना कळलं, आणि चिमटा लावायला सांगावं असंही वाटलं, हे खरं आहे. पण तोवर पाणी सुरू झालं होतं. खोलीत ठिपका उसळला, खाली आपटला, पुन्हा उसळला.

माथुर वाकून बघत राहिले. "ये तो बहुत हिल रहा है, ठवकर जी. आपके थीसिस में तो इतना नहीं है."

"नहीं है, सर. थीसिस गलत है. नळी... ट्यूब पर चिमटा लगा था. सारी रीडिंग चिमटा लगाकर ली गई है."

"चिमटा किसने लगाया?"

रोकडे पुढे झाले. "सर, वो हमारे अटेंडंट की..."

"मैंने सिखाया था, सर," मार्तंडराव म्हणाले. त्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. "शांत पानी पढ़ने की आदत मेरी है. उसने सिर्फ मेरी बात मानी."

माथुरांनी सरबत संपवलं. ग्लास ठेवायला जागा शोधली, सापडली नाही, तो हातातच धरून ठेवला. "मैं इसे पास नहीं कर सकता."

"जी."

"आप न बताते, तो कर देता." एवढं बोलून ते बाहेर पडले. रोकडे त्यांच्या मागोमाग गेले. जाताना त्यांनी मार्तंडरावांकडे पाहिलंसुद्धा नाही.

प्रयोगशाळेत पंपाची घरघर तेवढी उरली. मार्तंडराव खोलीच्या दारात उभे होते. त्यांना फार एकटं वाटत होतं. घरी जाऊन सत्यवतीबाईंना सांगायचं होतं. त्या आरडाओरडा करणार नाहीत, उमरेडचं नावही पुन्हा काढणार नाहीत, आणि तेच जड जाणार होतं.

लहानू जवळ आला. हिंदी त्याला चांगलं कळत होतं.

"सायेब, माह्या हातानं तुमचं वाटोळं झालं."

"आत ये," मार्तंडराव म्हणाले.

"मी?"

"हो, तूच. ये."

लहानूने चपला बाहेर काढल्या. उजेड आत जातो म्हणून या खोलीचा पडदा त्याने कधी बाजूला केला नव्हता, आणि आपल्याला आत कुणी बोलावेल असंही त्याला कधी वाटलं नव्हतं. मार्तंडरावांनी त्याला आपल्या स्टुलावर बसवलं आणि पडदा ओढून घेतला.

"हे काय हाय सायेब?"

"हे पाणी हाय. आपलंच. वरून पाह्यलं त काचेसारखं सरळ चाललं दिसते ना? आतून असं असते."

लहानू बराच वेळ बघत राहिला. ठिपका कागदावर धडपडत होता. "सारखं असंच?"

"सारखं."

"अन मी चिमटा लावला का हे बंद होये?"

"बंद नव्हतं होत गा. पाण्यात चालूच होतं. मले दिसत नव्हतं."

लहानूने मान हलवली. मग हळू आवाजात, तक्रारीचा सूर न लावता म्हणाला, "सायेब, हे तुमी मले एक डाव दाखोलं असतं त मी कायले लावलो असतो चिमटा?"

परीक्षकांसमोर जे झालं त्याने मार्तंडरावांचे डोळे भरले नव्हते, ते आता भरले. अंधार होता, बरं झालं. ते काहीतरी पुटपुटले आणि पंप बंद करायला स्वतःच बाहेर गेले. उगाच वीज जाळण्यात आता अर्थ नव्हता.

"सायेब," पडद्याआडून लहानूचा आवाज आला, "अजून जराकसं राहू द्या ना. मी पाहून राह्यलो."

मार्तंडरावांनी बटणावरचा हात काढून घेतला.