सोमवार, बुधवार, शुक्रवार

धैर्यशील सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर होता. परमिटशिवाय तो कोणालाही टाकीजवळ फिरकू देत नसे, मग तो मॅनेजर का असेना. अशा माणसाला औषध चुकवल्याबद्दल सरकारी नोटीस यावी, याचं त्याच्या बायकोला, विभाला, हसू आवरेना. त्याला मात्र घाम फुटला होता.

त्याला टीबी झाला होता. पहिले दोन महिने घराजवळच्या क्लिनिकमध्ये जाऊन त्याने रोज नर्ससमोर गोळ्या गिळल्या. खोकला गेला, वजन चार किलोंनी वाढलं, तो कामावर रुजू झाला. पुढे आठवड्यातून तीनदाच जायचं होतं. पण क्लिनिक आठला उघडायचं आणि कंपनीची बस सातला सुटायची. ऑफिसात तर तो ‘ठणठणीत बरा झालो’ म्हणून सांगून बसला होता. आता उशिराची परवानगी मागायची कोणत्या तोंडाने? आधी एक फेरी चुकली, मग चार. क्लिनिकचा फोन आला की हा नेमका मीटिंगमध्ये असायचा.

नोटिशीत स्पष्ट लिहिलं होतं: सोमवार, बुधवार, शुक्रवार हजर राहा, नाही आलात तर कायद्याने हॉस्पिटलमध्ये ठेवून उपचार पुरे केले जातील.

विभाने ती दोनदा वाचली. मग शांतपणे विचारलं, “तुझ्या गेटवर कोणी म्हणालं, मला काही होत नाही, हेल्मेट कशाला? तर काय करशील?”

“परत पाठवीन.”

“मग झालं तर.”

बुधवारी आठच्या ठोक्याला तो क्लिनिकमध्ये हजर झाला. सबबी पाठ करूनच आला होता. सिस्टर रोहाना यांनी एकही ऐकली नाही. गोळ्या आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला.

शेजारच्या खुर्चीवर मिस्टर कोह नावाचे निवृत्त टॅक्सीवाले बसले होते. त्याच्या हातातला कागद बघून ते हसले. तसाच कागद त्यांनाही आला होता. बारा वर्षांपूर्वी बरं वाटलं म्हणून त्यांनी औषध अर्धवट सोडलं होतं. दुखणं उलटलं तेव्हा जुन्या गोळ्या लागू पडेनात. आता दीड वर्षाचा कोर्स, वर इंजेक्शनं. एखाद्याला रस्ता सांगावा तसं त्यांनी हे सांगितलं आणि नाश्ता झालाय का, असं विचारून त्याला समोरच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या एका स्टॉलवर नारळाचा गोड जॅम लावलेला काया टोस्ट खायला ओढत नेलं.

तिथून तो थेट बॉसकडे गेला. लिम मॅडमना त्याने सगळं खरं सांगितलं. त्यांनी नोटीस वाचून त्याच्या हातात परत दिली.

“तू लोकांच्या परमिटवर सही करतोस. औषध अर्धवट सोडणाऱ्याची सही मला चालणार नाही. हे तीन दिवस दहाला ये.”

इतकं सोपं होतं तर आपण महिनाभर कशाला लपवाछपवी केली, असं त्याला वाटून गेलं.

चुकलेल्या फेऱ्यांपायी उपचार लांबले, पण त्यानंतर एकही वार हुकला नाही. शेवटच्या शुक्रवारी तपासण्या स्वच्छ आल्या. सिस्टर रोहाना यांनी हस्तांदोलन केलं आणि पुन्हा तोंड दाखवू नका म्हणून बजावलं. मिस्टर कोह यांचे अजून पाच महिने बाकी होते.

रविवारी विभाने त्यांना जेवायला बोलावलं. त्यांनी पुरणपोळी कॉफीत बुडवून खाल्ली. विभाने डोळे मोठे केले, पण त्यांनी दुसरी मागितल्यावर तव्यावर आणखी दोन टाकल्या.