क्रुसाच्या सणाचा सब्जा

मित्रांनो, मी ऑलिव्ह तेलाचा जुना, पोचे पडलेला डबा. मेलबर्नच्या एका स्वयंपाकघरात माझ्यातलं तेल संपलं, तेव्हा स्तामातिया आजीने माझं झाकण कापलं, बुडाला खिळ्याने भोकं पाडली, पोटात माती भरली. डब्याचा मी पाळणा झालो.

ग्रीसमधल्या आपल्या गावाहून आजीने रुमालात बांधून सब्ज्याचं बी आणलं होतं. तिच्या आईच्या अंगणातलं. ते गाव आता ओस पडलंय. दरवर्षी पेरायचं, नवं बी धरायचं. तेवढ्यावरच ते अंगण जिवंत होतं.

सप्टेंबरात क्रुसाचा सण. चर्चमध्ये सब्ज्याची जुडी न्यायची. तिकडे तेव्हा सब्जा फुललेला असतो, इकडे थंडी नुकती सरत असते. म्हणून आजी भर हिवाळ्यात पेरी, मला हीटरशेजारी ठेवी आणि इवल्या पानांवर बोट फिरवत गुणगुणे:

आईच्या अंगणी । सब्जा दाटे फार ।
समुद्राच्या पार । वास आला ॥

गेल्या उन्हाळ्यात झाडं फुलण्याआधीच होरपळली. रुमालात उरलेलं जुनं बी आजीने यंदा सगळंच माझ्यात झटकलं. मोजकीच रोपं वर आली. आणि आजी न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यातून ती लेकीला म्हणाली, "फोटिनी, रोपांना पाणी घाल गं. माझ्याआधी त्यांना बघ."

फोटिनीने पाणी घातलं. मायेनेच मला अंगणात नेलं. "घरात गुदमरलात ना रे? घ्या जरा ऊन."

संध्याकाळी ती दवाखान्यात धावली आणि मला आत घ्यायला विसरली. पहाटे हिव पडलं. सकाळी माझ्या पोटात काळे दोरे उरले होते.

सणाच्या दिवशी आजी काठी टेकत घरी आली. माझ्यात बाजारातलं रुंद पानांचं रोप होतं. तिने पान चुरगळून हुंगलं.

"हे कुणाचं पोर गं?"

"तुझंच, आई."

"खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात. लहानपणापासून."

फोटिनी रडू लागली. आजी रागावली नाही. "रुमाल झटकून पाहिलास?"

"पाहिला गं."

"बरं. हे काढ, तूच ने चर्चला. डबा राहू दे."

तेव्हापासून रोज सकाळी ती माझ्या मातीला पाणी घालते. म्हणते, "एखादं उशिरा उठतं." माझं पोट मला ठाऊक आहे, मित्रांनो. आत काही नाही.

बी जपत असाल तर सगळं एकदम पेरू नका. चिमूटभर शेजारणीच्या घरी ठेवा. कोवळं रोप हलवण्याआधी पेरणाऱ्याला विचारा. माझ्या भोकांतून पाणी फरशीवर ठिबकत राहतं. आजी आत गेली, की फोटिनी ते मुकाट्याने पुसून घेते.